अक्षर माझं, चुका माझ्या नाहीत

माझी मोठी मावशी चौतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होती. छापायला जाण्याआधी प्रत्येक पान तिच्या नजरेखालून जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक ती इतक्या दुरून हेरायची की कार्यालयात तिला सगळे 'वेलांटी' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

तिचा स्वभाव मुळातच संशयी होता की कामामुळे तसा झाला, हे सांगणं अवघड आहे. एकदा एका गृहस्थांच्या निधनाची जाहिरात आली. फोटो, तारीख, शोकाकुल कुटुंबीय, सगळं जागच्या जागी. मावशीला खटकलं ते एवढंच, की शोकाकुलांच्या यादीत पत्नीचं नाव नव्हतं आणि मजकुरात एकही चूक नव्हती. "घरातलं माणूस गेल्यावर कुणी इतकं शुद्ध लिहीत नाही," असं म्हणून तिनं त्या घरी फोन लावला. फोन त्या गृहस्थांनीच उचलला. भाऊबंदकीतून कुणीतरी तो उद्योग केला होता. त्यानंतर 'वेलांटीला शंका आलीय' असं कुणी म्हटलं की पान थांबायचं, मग संपादक कितीही घाईत असोत.

म्हणून सत्तरी ओलांडल्यावर तिला घरात शंका यायला लागल्या, तेव्हा आम्ही त्या उडवून लावल्या नाहीत. आमची पहिली चूक हीच झाली असावी. की तो शहाणपणा होता? मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशीचे यजमान जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, समोर दवाखान्यांची इमारत. मी वीस मिनिटांवर राहते आणि दर रविवारी तिच्याकडे जाते. एका रविवारी तिनं दार उघडलं, जिन्यात डोकावून पाहिलं, मला आत घेतलं आणि कडी लावली.

"घरात कुणीतरी येतं," ती म्हणाली.

"कोण?"

"ते कळलं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं? चष्मा पावाच्या डब्यात सापडला. कात्री फ्रिजमध्ये. चोर असता तर काहीतरी नेलं असतं. हा नेत नाही, फक्त जागा बदलतो."

किल्ली दोघींकडेच होती, तिच्याकडे आणि साफसफाईला येणाऱ्या बाईकडे. ती बाई अकरा वर्षं येत होती. मावशीनं पंधरा दिवस तिच्यावर पाळत ठेवली, दारामागं उभं राहून. मग एके दिवशी कात्री पुढे धरून तिला सरळ विचारलं. बाईनं हातातलं फडकं बादलीच्या कडेवर वाळत टाकलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेली. भांडली नाही, रडलीही नाही. "बघितलंस?" मावशी मला म्हणाली, "निरपराध माणूस भांडला असता."

बाई गेल्यावरही वस्तू हलायच्या थांबल्या नाहीत. आणि मग त्या चिठ्ठ्या सुरू झाल्या.

मावशीला आयुष्यभर चिठ्ठ्या लिहायची सवय. काय आणायचं, कुणाला फोन करायचा, सगळं छोट्या चौकोनी कागदावर. एका रविवारी तिनं तसे सहा-सात कागद माझ्यासमोर पसरले, पत्त्यांसारखे. एकावर होतं, 'मिठ संपले.' दुसऱ्यावर, 'किल्लि शेजारी.' तिसऱ्यावर, 'पाणि ऊकळणे.'

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. अक्षर तिचंच होतं, तेच डावीकडे झुकलेलं.

"मी 'मीठ' ऱ्हस्व लिहीन? मी? तिसरीत असतानासुद्धा लिहिलं नसतं. कुणीतरी माझ्या अक्षराची नक्कल करतंय. नक्कल चांगली आहे, मानायला हवं. पण व्याकरणात मार खाल्लाय त्यानं."

ती हसली. मलाही हसू आलं. तिनं सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घातल्या आणि वर लिहिलं, 'पुरावा'. तेवढं मात्र अचूक लिहिलं होतं.

त्यानंतर महिन्याभरातच एकदा मी तिच्याकडे असताना ती टपाल कार्यालयात म्हणून गेली ती परत येईना. दोन तासांनी खालचे सायकल दुरुस्तीवाले काका तिला सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आले. तीन चौक सोडून एका बाकावर बसलेली सापडली होती. "रस्त्यांच्या पाट्या बदलल्यात कुणीतरी," ती म्हणाली. काका माझ्याकडे बघत राहिले. कुठलीही पाटी बदललेली नव्हती.

त्या आठवड्यात माझी आई मावशीकडे राहायला गेली.

आई तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटी. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. दोनशे पोरींची दोन वेळची जेवणं तिच्या देखरेखीखाली व्हायची. एखादी मुलगी ताटात किती टाकते त्यावरून ती आजारी आहे, रुसली आहे की प्रेमात पडली आहे, हे ती सांगायची. मावशीच्या घरी पाऊल टाकल्यावर तिनं बॅगही उघडली नाही, आधी कपाटं उघडली. बिस्किटांचे अकरा पुडे, पाव, जॅम, चहा. भाजीच्या टोपलीत एक कांदा होता, त्यालाही कोंब फुटलेला.

"ताई, तू जेवतेस काय?"

"चहा-पाव. हलकं खाते मी. पोटाला सोसत नाही."

पोटाला सोसत नाही हे प्रकरण जुनं होतं. वर्तमानपत्राच्या अवेळीच्या नोकरीत तिला पित्ताचा त्रास लागला. कुण्या डॉक्टरनं महिन्याभरासाठी एक गोळी दिली होती. तो डॉक्टर वारला, गोळी चालूच राहिली. बारा वर्षं रोज सकाळी एक. यजमान गेल्यावर झोप येईना म्हणून औषधांच्या दुकानातून एक गुलाबी गोळी आणली, ती सहा वर्षं. कवळी सैल झाली होती, म्हणून चावायला लागेल असं काहीच ती खायची नाही. पाय अवघडतात म्हणून चालायची नाही. सारखं उठावं लागतं म्हणून पाणी प्यायची नाही. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही, आणि ते ती कुणाला सांगायचीही नाही, कारण शुद्धलेखनाइतकीच ती या बाबतीत सोवळी होती.

आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मऊ शिजवलेल्या डाळी, भाज्यांचं सूप, दही, ओटची लापशी, पिकलेली फळं. मावशी प्रत्येक घास जिभेवर घोळवून बघायची. दहा-बारा दिवसांनी तिनं मला फोन केला. आवाज दबका होता.

"तुझी आई माझ्या जेवणात काहीतरी घालते."

"मीठ घालत असेल, मावशी."

"थट्टा नकोय. लापशीला वेगळी चव येते, लाकडासारखी. आणि मी स्वयंपाकघरात गेले की तिचा हात पिठाच्या डब्यामागं जातो."

"तुला असं का वाटतं?"

"वाटत नाही, दिसतं. वाटणं आणि दिसणं यातला फरक मला कळतो, तेवढ्यासाठी पगार घेतलाय मी."

मी तिची समजूत घातली. फोन ठेवल्यावर मनाशी म्हटलं, आता हे आपल्या माणसांपर्यंत आलं. आधी बाई, मग पाट्या, आता सख्खी बहीण. पुढची पाळी माझी.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा मावशी पलंगावर पोट धरून बसली होती. कळ येत होती. आई गरम पाण्याची पिशवी शोधत होती. मी चप्पल ठेवायला कपाट उघडलं तर मागच्या बाजूला पाच छोट्या बरण्या. प्रत्येकीत चमचा-दोन चमचे लापशी, काहींवर बुरशी आलेली. प्रत्येक बरणीवर कागद चिकटवलेला, तारीख, वेळ, 'खाल्ल्यानंतर कळ: होय / नाही'. तारखा चुकलेल्या होत्या, दोन बरण्यांवर एकच दिवस होता. तरीही ते पाहून मी हबकले. वेडं माणूस इतक्या पद्धतशीरपणे काम करतं?

मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. माझी चाहूल लागली आणि तिचा हात पिठाच्या डब्यामागं गेला.

"काय ठेवलंस गं तिथं?"

"कुठं? काही नाही."

माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना ती समोरच्याकडे नको इतकं टक लावून बघते. तशीच ती माझ्याकडे बघत होती.

मी तशीच मावशीपाशी परत गेले. घरी जाताना मात्र नको नको ते मनात यायला लागलं. दोन महिन्यांपूर्वी आईनं मला विचारलं होतं, ताईनं जागेचे कागद कुठं ठेवलेत गं? तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता तेच वाक्य मी उलटसुलट करून बघायला लागले. ज्या बाईनं मला जन्म दिला तिच्याबद्दल मी चार दिवस असला विचार करत होते. मावशीचा संशय मला लागला होता, सर्दी लागावी तसा. मी आईला फोन करायचं टाळलं, आणि तिला ते कळलं असणारच.

पाचव्या दिवशी सकाळी मला एका अनोळखी बाईचा फोन आला. समोरच्या इमारतीतल्या रक्त तपासणीच्या लॅबमधून.

"तुमच्या मावशी इथं आल्यात. त्यांच्याकडे पाच बरण्या आहेत. त्यात विष आहे का ते तपासून हवंय त्यांना."

मी कामावरून तशीच निघाले. पोहोचले तेव्हा मावशी लॅबच्या बाकावर ताठ बसली होती, मांडीवर पिशवी. बरण्या काउंटरवर ओळीनं मांडल्या होत्या. लॅबवाली चाळिशीची, शांत होती. दुसरी कुणी असती तर हसली असती नाहीतर घालवून दिलं असतं. तिनं मावशीला पाणी दिलं होतं आणि तिच्याशी बोलत बसली होती.

"मी त्यांना सांगितलं, आम्ही अन्न तपासत नाही," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "पण बोलता बोलता त्या म्हणाल्या, पायांना सारख्या मुंग्या येतात, चालताना तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं, जीभ चुरचुरते. हे कधीपासून आहे?"

मला माहीत नव्हतं. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे तिच्या डोक्याकडे बघत होतो.

"वरच्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई आहेत, वयस्कर माणसांनाच बघतात. रक्त मी काढीन, पण काय तपासायचं ते त्यांनी सांगायला हवं. आत्ता रिकाम्या आहेत, घेऊन जा."

मावशी वर यायला तयार झाली ती एकाच अटीवर, बरण्याही सोबत न्यायच्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी मला गप्प बसवलं. मी 'गेलं वर्षभर त्यांना…' एवढं म्हणताच त्यांनी हात वर केला आणि खुर्ची मावशीकडे वळवली.

"तुम्हाला कशाचा संशय आहे?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मावशीनं सगळं सांगितलं. अडखळली, दोनदा मूळ मुद्दा विसरली, पण सांगितलं. शेवटी पिशवीतून ते पाकीट काढून दिलं. डॉक्टरीणबाईंनी एकेक चिठ्ठी नीट वाचली.

"हे अक्षर तुमचं नाही म्हणता?"

"अक्षर माझं," मावशी म्हणाली. "चुका माझ्या नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठ्या परत पाकिटात घातल्या आणि दुसरंच विचारायला सुरुवात केली. काय खाता? पोट रोज साफ होतं का? कोणत्या गोळ्या? किती वर्षं? मावशीनं पिशवीतून गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या उजेडात धरून बघितल्या, मग आपल्या वहीत काहीतरी लिहून दोन रेघा मारल्या.

"दिवसभरात किती माणसांशी बोलता?"

मावशीनं विचार केला. "राँग नंबर धरून?"

मग तिला एक घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. तिनं वर्तुळ सुरेख काढलं आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं लिहिले. कागदाकडे बघत राहिली. काहीतरी चुकलंय हे तिला कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. तिचा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"स्वयंपाक कोण करतं?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. "त्यांना बोलवा. आणि घरात जेवणात पडणारं जे जे आहे ते घेऊन यायला सांगा. जे जे, म्हणजे सगळं."

आई रस्ता ओलांडून आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि चेहरा उतरला होता. तिनं पिशवीतून एक हिरवा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे मी घालत होते," ती म्हणाली. "लापशीत. रोज दोन चमचे."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत 'मी सांगितलं नव्हतं का?' एवढंच होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

आईच्या निवृत्तांच्या मंडळात एक माणूस भाषण द्यायला आला होता. विसराळूपणा डोक्यात नाही, पोटात सुरू होतो, आतड्यात चांगले जंतू कमी झाले की मेंदू मंदावतो, असं त्यानं चित्रं दाखवून सांगितलं आणि जाताना डबे विकले. आईला ते पटलं. ताईचं पोट बिघडलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ताईला सांगितलं तर ती डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचेल, शंभर प्रश्न विचारेल आणि कधीच घेणार नाही, हेही तिला माहीत होतं. म्हणून लपवून.

"जागेचे कागद कशाला विचारले होतेस मग?" मी मध्येच बोलून गेले. मला तिथं ते विचारायचं नव्हतं.

आईनं माझ्याकडे बघितलं. "कागद? ताईला ते सापडत नव्हते म्हणून. ती तीन दिवस शोधत होती." मग तिला समजलं मी काय विचारलं ते. तो क्षण आजही आठवला की मान खाली जाते.

डॉक्टरीणबाईंनी डबा फिरवून बघितला. आत काय आहे हे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

"पोट आणि मेंदू यांचं आपसात बोलणं चालतं, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "त्यावर संशोधन चाललंय. पण कोण कोणाला काय सांगतं, हे अजून नीट कळलेलं नाही. या डब्यावाल्याला मात्र सगळं ऐकू आलेलं दिसतं. हे आजपासून बंद. कळा यानं येत असतील तर थांबतील."

मग त्या मावशीकडे वळल्या. "तुमचा संशय बरोबर होता. कुणीतरी तुमच्या नकळत तुम्हाला काहीतरी देत होतं. पण हा डबा महिन्याभराचा आहे आणि चिठ्ठ्या वर्षभराच्या. मला संशय आहे तो या दोन पट्ट्यांवर."

रक्ताचा अहवाल दोन दिवसांनी आला. बी-बारा हे जीवनसत्त्व फार खाली गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं, ते साधारण असं. अन्नातलं हे जीवनसत्त्व सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेतली की आम्ल दबतं, आणि चहा-पावात मुळात ते जीवनसत्त्व असतं कुठं? ते कमी पडलं की नसा कुरकुरतात, स्मरण आणि विचार गढूळ होतात, माणूस संशयीसुद्धा होतो. झोपेची ती गुलाबी गोळी म्हाताऱ्या मेंदूवर आणखी धुकं धरते, शिवाय पोट जड करते. पाणी कमी, चालणं नाही, बोलायला माणूस नाही. "एकट्या कशालाही दोष देऊ नका," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून केलंय हे."

"म्हणजे ती बरी होणार?" आईनं विचारलं.

"काही भाग परत येईल. किती, ते सांगता येत नाही. एखाद्या भागाचं कारण वेगळंही असू शकतं, तो परत येणार नाही. कुणी खात्री देत असेल तर त्याचा डबा घेऊ नका."

मावशीला हे उत्तर आवडलं. ठाम बोलणाऱ्या माणसांवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

इंजेक्शनं सुरू झाली. दोन्ही गोळ्या एकदम न तोडता डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवल्या. त्यात पहिले काही आठवडे फार वाईट गेले, पित्त उसळायचं, झोप यायची नाही, आणि मावशी म्हणायची, "आता दोघी मिळून मारताय मला." दाताच्या डॉक्टरकडे जाऊन कवळी बसवून घेतली. आईनं खाण्यात कोंडा, डाळी, पालेभाज्या वाढवल्या, पण एकदम नाही, वसतिगृहातल्या नव्या मुलीला रुळवावं तसं. सायकलवाले काका रोज संध्याकाळी दुकान बंद करताना खालून हाक मारायचे आणि मावशी त्यांच्याबरोबर चौकापर्यंत चालत जायची, पाट्या मोठ्यानं वाचत.

स्वयंपाकघरात मात्र वातावरण तंग होतं. मावशी ओट्याशेजारी स्टूल टाकून बसायची आणि पातेल्यात पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नजर ठेवायची.

"मी काय तुला मारायला आलेय का, ताई?" आई एकदा वैतागून म्हणाली.

"नाही. पण तू मला न सांगता घातलंस."

"तुझ्या भल्यासाठी."

"माझ्या भल्याचं आधी मला दाखवायचं होतंस," मावशी म्हणाली. "मी दुरुस्त्या केल्या असत्या, पण वाचलं असतं."

आईनं हातातली पळी ठेवली. म्हणाली, "चुकलं माझं." बहिणी-बहिणींत हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. त्यानंतर आई प्रत्येक जिन्नस मावशीच्या नाकासमोर धरून, नाव सांगून मगच पातेल्यात टाकायची. पंधरा दिवसांनी मावशीनंच कंटाळून सांगितलं, "पुरे आता, टाक तुझं तू." पण स्टुलावरून उठली नाही. तिला तिथं बसून बोलायला आवडायला लागलं होतं.

तीन-साडेतीन महिन्यांनी एका रविवारी मी गेले तर मावशी टेबलाशी बसली होती. पाकिटातल्या चिठ्ठ्या तिनं ओळीनं लावल्या होत्या आणि त्यांच्या खाली नव्या चिठ्ठ्यांची दुसरी ओळ होती. मला बसायला सांगितलं.

"या जुन्यांत चुका वाढत गेल्यात," बोट फिरवत ती म्हणाली. "आधी वेलांट्या, मग उकार, मग शब्दच अर्धे. नवीनमध्ये कमी होत गेल्यात. नक्कल करणारा माणूस इंजेक्शन घेतल्यावर सुधारत नाही."

मी दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

"मीच लिहिलंय हे," ती म्हणाली.

तिनं ते अगदी सपाट आवाजात सांगितलं. मग नव्या ओळीतली शेवटची चिठ्ठी उचलली, आदल्याच दिवशीची. 'भाजि' असं लिहिलं होतं. ती खाली ठेवत म्हणाली, "पूर्ण गेलेलं नाही. हे मला दिसलं नसेल असं समजू नकोस."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, जे तिच्या स्वभावात नव्हतं. मग म्हणाली, "साफसफाईच्या बाईंचा पत्ता आहे तुझ्याकडे?"

आम्ही दोघी गेलो. बाईंचं घर गिरणीच्या मागच्या गल्लीत होतं. त्यांनी आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. मावशी म्हणाली, "मी तुमच्यावर आळ घेतला. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण आळ घेणारी मीच होते." बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं झालं, सांगायला आलात." मावशीनं परत कामाला येता का म्हणून विचारलं, तेव्हा त्या नाही म्हणाल्या. दुसरीकडे लागल्या होत्या, आणि नसत्या लागल्या तरी आल्या असत्या असं मला वाटत नाही. परतताना मावशी जिन्यात थांबली आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

याला आता चार वर्षं होत आली. आई तिथंच राहते. मावशी मंडळाच्या वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस जाते आणि घरी येताना क्वचितच चुकते. मुंग्या गेल्या. तळव्याखालचा कापूस पूर्ण गेला नाही. नावं तिला आठवत नाहीत, चेहरे आठवतात. कधीकधी सकाळी चहा घेतल्यावर ती पुन्हा चहा मागते, आई आठवण करून देते, आणि मावशी आईकडे क्षणभर रोखून बघते. मग मान हलवते.

डॉक्टरीणबाई वर्षातून एकदा तिची तीच परीक्षा घेतात, तारीख, शब्द, चित्र. गेल्या महिन्यात आम्ही तिघी गेलो होतो. बाहेर आल्यावर आई पुढे फळं घ्यायला थांबली आणि मावशीनं मला कोपरानं ढोसलं.

"कमी झालंय ना? गेल्या वेळेपेक्षा?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिला पटलंही असतं कदाचित.

"हो," मी म्हटलं. "दोन गुणांनी."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मी काही लपवतेय का ते तपासत. बराच वेळ. रस्त्यावरून माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. शेवटी तिचं समाधान झालेलं दिसलं.

"दोन म्हणजे फार नाही," ती म्हणाली, आणि आई कसले पेरू निवडतेय ते बघायला फळवाल्याच्या गाडीकडे चालायला लागली.